ढगांआडचे भात आणि अहमदाबादचे रडार

भारतीय दूरसंवेदनाची सर्वांत जुनी अडचण पंचांगातच लिहिलेली आहे. भात शेतात उभे असते ते पावसाळ्यात, आणि आकाश झाकलेले असते तेही तेव्हाच. 17 मार्च 1988 रोजी आयआरएस-1ए उपग्रह अवकाशात गेला, पाठोपाठ त्याची भावंडे गेली. रब्बीच्या गव्हामोहरीची चित्रे छान येऊ लागली. पण कोकण, ओडिशा, बंगाल, आसाम इथल्या खरिपाचे चित्र मागितले की हाती ढगच येत. पुराची तीच कथा. पाणी चढलेले असते तेव्हा ढग असतात, आणि ढग पांगेपर्यंत पाणी ओसरलेले असते. यावर खात्रीचा इलाज एकच होता : स्वतः लहरी पाठवून त्यांचा प्रतिध्वनी टिपणारे रडार. इस्रोत हे काम आले अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरकडे, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या ‘सॅक’कडे. ते पुरे व्हायला तीन दशके लागली. त्यातला बराचसा काळ रडारच्या दोनच अवयवांनी खाल्ला : अँटेना आणि ट्रान्समीटर.

सॅकची मुळे 1967 सालची आहेत. त्या वर्षी अहमदाबादच्या जोधपूर टेकऱ्यावर प्रायोगिक उपग्रह-दळणवळण भूकेंद्र उभे राहिले. शहराच्या त्या भागाचे ‘सॅटेलाइट’ हे नाव आज रिक्षावाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळे वापरतात, त्याचे कारण हेच. 1972 मध्ये विक्रम साराभाईंच्या काळातले असे वेगवेगळे गट एकत्र करून सॅक स्थापन झाले. पहिले संचालक यशपाल, त्यांच्यानंतर कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस. पुढे 1987 ते 1994 या काळात पुण्यात जन्मलेले प्रमोद काळे संचालक होते. चिटणीस आणि काळे दोघेही अवकाश कार्यक्रमाच्या पहिल्या पिढीतले. थुंबाच्या रॉकेटतळापासून सर्व पाहिलेले. चिटणीस शंभरी पार करून ऑक्टोबर 2025 मध्ये पुण्यात वारले.

संस्थेचे पहिले मोठे काम रडारचे नव्हते, टीव्हीचे होते. 1 ऑगस्ट 1975 ते 31 जुलै 1976 या वर्षभरात अमेरिकेच्या एटीएस-6 उपग्रहावरून सहा राज्यांतल्या 2400 खेड्यांत थेट कार्यक्रम दाखवण्याचा ‘साइट’ प्रयोग झाला. खेड्यातल्या शाळेच्या किंवा पंचायतीच्या आवारात जी तीन मीटर व्यासाची डिश उभी केली, तिचा पृष्ठभाग होता कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात त्या जाळीचा. लहर लांब असेल तर तिला पत्रा लागत नाही. जाळीची भोके तरंगलांबीच्या मानाने पुरेशी बारीक असली की जाळीही आरशाचे काम करते. स्वस्त, हलकी आणि वारा न अडवणारी. पुढे या संस्थेच्या कामात जाळीचा अँटेना पुन्हा आला, पण तोवर ती जाळी सोन्याचा मुलामा दिलेली होती. त्याविषयी नंतर.

सूक्ष्मलहरींतले दूरसंवेदन सॅकने सुरू केले ते नुसते ऐकण्यापासून. 7 जून 1979 रोजी सोव्हिएत रॉकेटाने भास्कर-1 कक्षेत गेला, त्यावर सॅकचा ‘समीर’ हा सूक्ष्मलहरी रेडिओमीटर होता. 20 नोव्हेंबर 1981 रोजी भास्कर-2 गेला. समुद्र, हवेतली वाफ, ढगांतले पाणी या सगळ्यांतून आपसूक निघणाऱ्या अतिक्षीण लहरी 19 आणि 22 गिगाहर्ट्झच्या आसपास मोजायच्या, एवढेच समीरचे काम. दुसऱ्या भास्करवर 31 गिगाहर्ट्झचीही भर पडली. या उपकरणाला ट्रान्समीटर नसतो, म्हणून ते लहान असते आणि त्याला वीजही थोडी पुरते. त्यातून समुद्राच्या पाण्यावरच्या हवेचा दमटपणा कळतो. शेत नि बांध दिसत नाहीत. समीरच्या एका ठिपक्यात अख्खा तालुकाच काय, जिल्हे मावत.

रडारचे गणित मात्र निष्ठुर आहे. लहर जाताना पसरते, परतताना पुन्हा पसरते. त्यामुळे अंतर दुप्पट झाले की एखाद्या वस्तूकडून येणारा प्रतिध्वनी सोळा पटींनी क्षीण होतो. विमानात जे सहज जमते ते पाचशे किलोमीटर उंचीवर नेताना हा हिशेब छाताडावर बसतो. तिकडे विजेचा तुटवडा, वजनाचा तुटवडा, आणि उष्णता काढून टाकायला हवाच नाही. अमेरिकेच्या सीसॅट उपग्रहाने 1978 मध्ये हे जमते हे दाखवले होते. त्याचा अँटेना 10.7 मीटर लांब होता आणि उपग्रह 105 दिवसांतच बंद पडला. त्या 105 दिवसांच्या चित्रांवर जगभरच्या प्रयोगशाळांनी पुढची कित्येक वर्षे काढली.

सॅकने विमानापासून सुरुवात केली. ऐंशीच्या दशकात बाजूला पाहणारे साधे रडार, ज्याला तिथले लोक ‘स्लार’ म्हणत. नव्वदच्या दशकात सी-बँडमधले खरे सिंथेटिक अपर्चर रडार, म्हणजे ‘सार’. आणि पुढे आपत्तीच्या वेळी उडवण्यासाठी बांधलेले डीएमसार. या उपकरणांची चित्रे आज कोणी फारशी काढून पाहत नाही. पण ट्रान्समीटरचा प्रत्येक पल्स आधीच्याशी कलेत (फेजमध्ये) जुळलेला कसा ठेवायचा, विमानाचे हेलकावे चित्रातून कसे काढायचे, संगणकात प्रतिध्वनींची घडी कशी घालायची, हे सगळे त्यातूनच शिकले गेले. याच काळात कॅनडाच्या रडारसॅटची चित्रे घेऊन सॅकच्या कृषी गटाने भाताच्या क्षेत्राचे अंदाज बांधायला सुरुवात केली होती. पीक कळत होते. चित्र मात्र दुसऱ्याच्या उपग्रहाचे, दुसऱ्याच्या वेळापत्रकाचे आणि दुसऱ्याच्या दराचे.

आता रिसॅट-1. संस्थेच्या इतिहासात या एका उपग्रहाला सर्वांत जास्त जागा द्यावी लागते, आणि ती त्याच्या चित्रांपेक्षा त्याच्या अँटेनासाठी.

अँटेना 6 मीटर लांब आणि 2 मीटर रुंद, वारंवारता 5.35 गिगाहर्ट्झ, म्हणजे तरंगलांबी सुमारे 5.6 सेंटिमीटर. एवढ्या अँटेनातून 536 किलोमीटर उंचीवरून निघालेली शलाका जमिनीवर पोचेपर्यंत पाचसहा किलोमीटर फाकते. नुसत्या शलाकेने पाहिले तर पाच किलोमीटरमधले सगळे एकाच ठिपक्यात मिसळेल. सारची युक्ती अशी की उपग्रह पुढे सरकत असताना एकच बिंदू हजारो पल्सना दिसत राहतो. ते सगळे प्रतिध्वनी कलेसह साठवून संगणकात जोडले की जणू कित्येक किलोमीटर लांबीच्या अँटेनाने पाहिल्यासारखे होते. आणि मग गणितातून एक चमत्कारिक निकाल निघतो : उपग्रहाच्या मार्गाच्या दिशेने बारकाई मिळते ती अँटेनाच्या लांबीच्या निम्मी, अंतर कितीही असो. 6 मीटरचा अँटेना, म्हणून 3 मीटरची बारकाई. रिसॅट-1 च्या एका मुख्य पद्धतीत नेमकी हीच बारकाई आहे. याहून बारीक, 1 मीटरचे चित्र हवे असेल तर शलाका एकाच जागेवर जास्त वेळ रोखून धरावी लागते. याउलट 223 किलोमीटर रुंदीचा पट्टा हवा असेल तर ती भराभर आडवी उडवावी लागते, आणि बारकाई 50 मीटरवर येते. इतका जड अँटेना हलवून हे होणे शक्य नाही. शलाका विजेनेच वळवावी लागते.

विजेने वळवायची म्हणजे अँटेनाच्या वेगवेगळ्या भागांतून निघणाऱ्या लहरी एकमेकींपेक्षा किंचित मागेपुढे सोडायच्या. त्यासाठी एक मोठा ट्रान्समीटर चालत नाही. अँटेनाच्या पाठीवर शेकडो लहान ट्रान्समीटर लागतात. त्यांना टी-आर मॉड्यूल म्हणतात, कारण तीच डबी पाठवतेही आणि ऐकतेही. रिसॅट-1 चा अँटेना तीन पॅनलचा, प्रत्येक पॅनलवर एक मीटर बाय एक मीटरच्या चार टाइल, एकूण बारा. प्रत्येक टाइलमागे 24 जोड्या : आडव्या ध्रुवीकरणासाठी एक मॉड्यूल, उभ्यासाठी एक. म्हणजे 288 जोड्या, 576 मॉड्यूल. प्रत्येकाची कमाल शक्ती 10 वॉट. एका ध्रुवीकरणाची सगळी मॉड्यूल एकदम बोलली की पावणेतीन किलोवॉटहून अधिक.

युरोपच्या ईआरएस उपग्रहांत हेच काम एका मोठ्या नळीने होत असे. 2002 सालच्या एन्व्हिसॅटवर मात्र 320 मॉड्यूल आली. नळी बिघडली तर उपग्रह गेला. पाचपन्नास मॉड्यूल गेली तरी चित्र थोडे फिके होते एवढेच. फायदा उघड आहे. किंमत मात्र दुसरीकडे मोजावी लागते. 5.6 सेंटिमीटर तरंगलांबीत एक मिलिमीटरचा फरक म्हणजे कलेत सहा अंशांहून जास्त चूक. केबलमध्ये त्याहूनही अधिक. तेव्हा 576 डब्या नुसत्या चालून भागत नाही, त्या एकसारख्या चालाव्या लागतात. उन्हात तापल्यावर आणि सावलीत गार पडल्यावर प्रत्येकीची कला आणि शक्ती किती सरकते हे मोजून, त्याचे तक्ते नियंत्रकात भरून, तापमान बघून दुरुस्ती करत राहावे लागते. एक मॉड्यूल प्रयोगशाळेत हाताने जुळवणे हे हुशार अभियंत्याचे काम. शेकडो मॉड्यूल कारखान्यात बनवून घेणे, दर डबीची चाचणी, नापास डब्यांची चिकित्सा, पुन्हा चाचणी, हे वेगळ्याच जातीचे काम आहे. सॅकच्या संशोधकांना इथे उत्पादनाचे शास्त्र शिकावे लागले आणि भारतीय उद्योगांना अंतराळाचे. रिसॅट-1 चे खरे मोल इथे आहे, असे म्हणायला हरकत नाही.

चाचणीचीही गंमत आहे. अँटेनाची शलाका नीट मोजायची तर दूर उभे राहून मोजायला हवी. नियमाने हिशेब केला तर या अँटेनासाठी ते ‘दूर’ जवळपास 1300 मीटर येते. एवढी मोकळी, प्रतिध्वनीरहित जागा कुठून आणणार? म्हणून असे अँटेना जवळूनच मोजतात : लहानसा प्रोब अँटेनासमोर ओळीओळीने फिरवायचा, प्रत्येक जागची लहर नोंदवायची, आणि दूरची शलाका संगणकात काढायची.

हे सगळे चालू असताना देशाला थांबायला वेळ नव्हता. नोव्हेंबर 2008 च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर टेहळणीची गरज तातडीची ठरली आणि इस्राएलच्या एक्स-बँड रडारचा, सुमारे 300 किलोचा रिसॅट-2 हा उपग्रह 20 एप्रिल 2009 रोजी गेला. असा धाकटा आधी जन्मला. त्याची रडारशैली वेगळी होती : फ्लॅट पॅनलऐवजी घडी होणारी डिश. सॅकला हा धडा पुढे उपयोगी पडला.

26 एप्रिल 2012 रोजी पहाटे 5 वाजून 47 मिनिटांनी पीएसएलव्ही-सी19 ने रिसॅट-1 उचलला. वजन 1858 किलो, तोवर पीएसएलव्हीने नेलेला सर्वांत जड उपग्रह, आणि त्यातले निम्म्याहून अधिक, 950 किलो, एकट्या रडारचे. प्रकल्प संचालक होत्या बंगळुरूच्या एन. वलरमती, रडारच्या कामाचे नेतृत्व सॅकमध्ये तपन मिश्रा करत होते, जे पुढे केंद्राचे संचालक झाले. उड्डाणात बाजूची दोन पॅनल उपग्रहाच्या अंगाला दुमडलेली होती. कक्षेत ती उघडली आणि मधल्या स्थिर पॅनलशी एका रेषेत आली. कक्षा सकाळी सहा-संध्याकाळी सहाची निवडली, म्हणजे सूर्यपंखांवर जवळजवळ कायम ऊन राहते. प्रकाशाच्या कॅमेऱ्याला ही वेळ नकोशी असते, कारण सावल्या लांब पडतात. रडारला त्याचे सोयरसुतक नाही. त्याच महिन्यात दिल्लीत महालनोबिस राष्ट्रीय पीक अंदाज केंद्र सुरू झाले. खरिपाच्या भाताला आणि तागाला आता घरचे चित्र मिळू लागले.

रिसॅट-1 ने आणखी एक गोष्ट केली, जी परदेशी मंडळींनी लक्षपूर्वक पाहिली. पृथ्वीकडे पाहणाऱ्या उपग्रहीय रडारांत संकरित ध्रुवीकरण वापरणारे हे पहिले. सगळी माहिती हवी तर आडवा पल्स, मग उभा पल्स, असे आळीपाळीने पाठवावे लागतात. पल्सची संख्या दुप्पट होते आणि पट्ट्याची रुंदी निम्म्यावर येते. त्याऐवजी आडवी आणि उभी मॉड्यूल एकाच वेळी, कलेत 90 अंशांचे अंतर ठेवून चालवली की गोल फिरणारी लहर निघते. ऐकताना आडवे आणि उभे दोन्ही ऐकायचे. भाताची पेंढी, पाण्याचा सपाट थर आणि झाडांची गर्दी यांतला फरक ओळखायला एवढे बऱ्याच वेळा पुरते. ही पद्धत 2008 मध्ये चांद्रयान-1 वरच्या अमेरिकन मिनी-सारने चंद्राभोवती वापरली होती.

सप्टेंबर 2016 मध्ये अमेरिकी निरीक्षकांनी रिसॅट-1 जवळ तुकडे सुटल्याची नोंद केली. त्यानंतर उपग्रहाकडून काम झाले नाही. सेवेची पाच वर्षेही पुरी झाली नव्हती.

मधल्या काळात सॅकने लहान होण्याचीही कला आत्मसात केली. 26 सप्टेंबर 2016 रोजी गेलेला स्कॅटसॅट-1 हा वाऱ्याचा वेध घेणारा उपग्रह आधीच्या मोहिमांच्या उरलेल्या सुट्या भागांतून बराचसा जोडला गेला. वृत्तपत्रांनी त्याचे कौतुक केले. 2019 मध्ये चांद्रयान-2 वर सॅकचे एल आणि एस अशा दोन बँडांचे रडार गेले : चंद्रावरचे पहिले पूर्ण-ध्रुवीय सार, ध्रुवांजवळच्या कायम अंधाऱ्या विवरांत बर्फ शोधणारे. चंद्राभोवतीची कक्षा फक्त शंभर किलोमीटरची; वर सांगितलेला चौथ्या घाताचा नियम आठवला की तिथे ट्रान्समीटर इतका लहान का चालला हे लगेच कळते. त्याच वर्षी 22 मे रोजी गेलेल्या 615 किलोच्या रिसॅट-2बीवर 3.6 मीटर व्यासाचा, काड्यांचा, छत्रीसारखा उलगडणारा अँटेना होता. रॉकेटच्या टोपणात घडी, वर गेल्यावर छत्री. मोठ्या अँटेनाचा फायदा आणि लहान उपग्रहाची चपळाई, दोन्ही एकाच वेळी.

रिसॅट-1 ची जागा भरली ती 14 फेब्रुवारी 2022 रोजी गेलेल्या ईओएस-04 ने. वजन 1710 किलो, आयुर्मान दहा वर्षांचे धरलेले. त्याचा जोडीदार ईओएस-09 मात्र 18 मे 2025 रोजी पीएसएलव्ही-सी61 च्या तिसऱ्या टप्प्यातल्या बिघाडाने गेला. इतकी वर्षे जपून बांधलेला अँटेना, काही मिनिटांत समुद्रात. अशा दिवशी क्लीन रूममधल्या लोकांना काय वाटत असेल ते कोणत्याही अहवालात येत नाही.

त्याच वर्षीच्या 30 जुलैला मात्र निसार गेला. हा नासा आणि इस्रोचा संयुक्त उपग्रह. करार 30 सप्टेंबर 2014 रोजी टोरांटोत झाला होता. एल-बँडचे रडार आणि मोठा परावर्तक अमेरिकेचा, एस-बँडचे रडार, उपग्रहाचे शरीर आणि रॉकेट भारताचे. सॅकमध्ये बांधलेले एस-बँड रडार मार्च 2021 मध्ये, महासाथीच्या ऐन धामधुमीत, कॅलिफोर्नियातल्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत पोचले. तिथे दोन्ही रडारे एकत्र बसवून दोन वर्षांनी सगळे बंगळुरूला परत आले. त्याआधी, डिसेंबर 2019 मध्ये, सॅकचे विमानी एल-एस रडार नासाच्या विमानातून उत्तर अमेरिकेवर उडालेही होते. अहमदाबादच्या विमानी परंपरेचा हा उपयोग आता कोणाला आश्चर्याचा वाटला नाही.

निसारचा परावर्तक 12 मीटरचा. 123 नळ्यांच्या सांगाड्यावर सोन्याचा मुलामा दिलेल्या तारेची जाळी ताणलेली, वजन अवघे 64 किलो. मध्येच त्याने सगळ्यांची झोप उडवली होती : उड्डाणाच्या वेळी घडी केलेल्या स्थितीत तो अपेक्षेपेक्षा जास्त तापेल असे हिशेबात निघाले, म्हणून 2024 मध्ये तो परत कॅलिफोर्नियाला नेऊन परावर्तक लेप लावावा लागला. साइटच्या खुराड्याच्या जाळीशी त्याची तुलना करणारे केंद्रात काही जुने लोक आहेत, असे मानायला हरकत नसावी. उड्डाणानंतर आधी 9 मीटरची भुजा काही दिवसांत एकेका सांध्याने उघडली, आणि 15 ऑगस्ट 2025 रोजी जाळी फुलली.

एस-बँडच्या फीडमध्ये 24 जोड्या आहेत. पाठवताना सगळ्या एकत्र बोलतात आणि अख्खा 240 किलोमीटरहून रुंद पट्टा उजळून काढतात. प्रतिध्वनी मात्र जवळच्या कडेवरून आधी येतो, दूरच्या कडेवरून उशिरा; म्हणून ऐकण्याची शलाका त्या परतत्या प्रतिध्वनीच्या मागोमाग आडवी सरकत जाते. हे अतिशय झटपट घडते आणि त्यासाठी प्रत्येक ग्रहण-वाटेचा सिग्नल वेगळा अंकरूप करावा लागतो. रिसॅटमध्ये रुंद पट्टा हवा तर बारकाई सोडावी लागे. इथे दोन्ही एकत्र मिळतात आणि पृथ्वीचा बहुतेक भाग दर बारा दिवसांनी पाहून होतो. बारा दिवसांच्या अंतराने घेतलेल्या दोन चित्रांची कला जुळवली की जमीन किती सेंटिमीटर खचली किंवा उचलली हेही निघते.

एस-बँडच्या पहिल्या काही चित्रांत इस्रोने निवडला तो गोदावरीचा त्रिभुज प्रदेश, 19 ऑगस्ट 2025 रोजी टिपलेला. ऑगस्टमध्ये तिथे ढग असतात. चित्रात खारफुटी, शेते, सुपारीच्या बागा आणि मत्स्यशेतीचे तलाव वेगवेगळे उमटलेले आहेत. नोव्हेंबर 2025 पासून उपग्रह नियमित वैज्ञानिक कामाला लागला आहे.